डिप्रेशनला दार उघडलं, स्किझोफ्रेनियाचं काय?

मराठी शहरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक बदल झाला आहे. कॉलेजातली मुलगी ‘मला एन्झायटीचा त्रास आहे, मी काउन्सेलरकडे जाते’ असं मैत्रिणींना सांगते आणि कुणी दचकत नाही. नट-नट्या मुलाखतींत डिप्रेशनबद्दल मोकळेपणाने बोलतात. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, शाळा-कचेऱ्यांत व्याख्यानं होतात. पण त्याच मुलीच्या सोसायटीत स्किझोफ्रेनियाची औषधं घेणारा एखादा पस्तिशीचा तरुण असतो आणि पाहुण्यांना त्याच्याबद्दल ‘तो बाहेरगावी नोकरीला आहे’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो आतल्या खोलीत असतो.

त्यामुळे मानसिक आजारांवरचा कलंक कमी झाला का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणत्या आजाराचा आणि कोणत्या व्यवहारातला, हे आधी विचारावं लागतं. हे केवळ आपल्याकडेच घडतंय असंही नाही. अमेरिकेत १९९६ ते २०१८ या काळात झालेल्या पाहण्यांची तुलना केली, तेव्हा नैराश्य असलेल्या माणसाला शेजारी, सहकारी म्हणून नाकारण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. स्किझोफ्रेनिया असलेला माणूस धोकादायक असतो ही समजूत मात्र त्याच काळात वाढली होती. जागृतीचा फायदा तुलनेने सौम्य, ‘आपल्यातल्याच’ वाटणाऱ्या आजारांना मिळाला आणि ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती ते मागेच राहिले.

कलंकाचा समाजशास्त्रीय अभ्यास साधारणपणे अर्व्हिंग गॉफमनच्या १९६३च्या पुस्तकापासून मोजतात. पुढे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट यांनी या गुंत्याचे तीन धागे वेगळे केले : अज्ञान, पूर्वग्रह आणि भेदभाव. बहुतेक सरकारी मोहिमा यातल्या पहिल्याच धाग्याशी थांबतात, कारण तो सोपा आहे. भित्तिपत्रक छापलं, चार लक्षणं लिहिली, काम झालं. पूर्वग्रह मनात असतो आणि भेदभाव व्यवहारात. घर भाड्याने देताना, नोकरीवर घेताना, स्थळ बघताना आणि दवाखान्यात तपासतानाही तो होतो.

आकड्यांकडे बघताना एक सावधगिरी हवी. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी एखादा मानसिक आजार होता आणि गंभीर आजार असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के, तर सर्वसाधारण आजार असलेल्यांपैकी ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेले नव्हते, असं त्यातून दिसलं. ही दरी भाषणांत सरसकट कलंकाच्या खात्यावर टाकली जाते. ते खरं नाही. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञच नसेल, औषधासाठी दोन एसट्या बदलून दिवसाची मजुरी बुडवून जावं लागत असेल, तर न जाण्याचं कारण लाज हे नसून खिसा असतो. कलंकाकडे बोट दाखवणं सरकारला सोयीचं जातं, कारण मग दोष लोकांचा ठरतो.

महाराष्ट्र आणि गोव्याचाही समावेश असलेला अधिक नेमका पुरावा एका अभ्यासातून मिळाला. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर झालेल्या या संशोधनाचे मुख्य निष्कर्ष २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवलं, तर आजाराची लक्षणं आणि त्यातून येणारी असमर्थता काही प्रमाणात कमी होते, असं त्यात आढळलं. याच रुग्णांशी कलंकाबद्दलही बोलणं झालं. आपल्याला प्रत्यक्ष भेदभाव सोसावा लागला असं ४२ टक्क्यांनी सांगितलं. आपण इतरांपासून तुटलो आहोत ही भावना मात्र ७९ टक्क्यांना होती. लोक काही बोलण्याआधीच माणूस स्वतःला बाजूला काढतो, कार्याला जात नाही, चावडीवर बसत नाही. तो कधी घरातून बाहेरच आला नाही, तर त्याला नाकारायची वेळही कुणावर येत नाही. अशा गावात भेदभाव मोजायला गेलेल्याला तो कमीच सापडणार.

कलंक सर्वांत उघडा पडतो तो लग्नात. मनोविकारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या कुणालाही ही गोष्ट पाठ असते. मुलीला विशीत आजार होतो, उपचारांनी ती सावरते. स्थळं बघायला सुरुवात होते. आजाराचं सांगायचं की नाही, यावर घरात कुजबुज होते आणि ‘आत्ता नको, एकदा होऊन जाऊ दे’ असं ठरतं. लग्नानंतर सासरी गोळ्यांचं पाकीट कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून गोळ्या बंद होतात. जागरणं, नवं घर, नवी माणसं, कधी लगेच दिवस जाणं; चार-सहा महिन्यांत आजार उलटतो. सासरचे म्हणतात, फसवलं. माहेरचे म्हणतात, आमच्याकडे असताना बरी होती, तुम्हीच छळलंत. तिला माहेरी आणून सोडतात आणि नोटीस येते. या सगळ्यात औषध बंद का झालं, एवढं कुणी विचारत नाही. आजार मुलाला असेल तर बहुधा वेगळं घडतं : लग्न केलं की सुधारेल या सल्ल्याने त्याला बोहल्यावर चढवतात आणि शुश्रूषेचं काम एका अनभिज्ञ मुलीच्या गळ्यात पडतं. लपवणाऱ्या आईबापांना दोष देणं सोपं आहे. पण उघडपणे सांगितलं आणि स्थळ तरीही जमलं, अशी उदाहरणं त्यांच्या आसपास किती असतात?

कायद्याची भाषा या भीतीला खतपाणी घालते. हिंदू विवाह कायद्यातल्या घटस्फोटाच्या कलमात मानसिक आजाराचं कारण आहे आणि १९७६च्या दुरुस्तीने जोडलेल्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख आहे. न्यायालयं मात्र कलमाच्या पुढे गेली आहेत. पती-पत्नी दोघंही डॉक्टर असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये पतीला घटस्फोट नाकारला. केवळ निदानाचं नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे आणि उपचारांनी आटोक्यात राहतो का हे बघावं लागेल, असा त्या निकालाचा आशय. पण जिल्हा न्यायालयापर्यंत पोचलेल्या मुलीच्या बापाला तो निकाल ठाऊक नसतो; कलमातला शब्द मात्र समोरच्या वकिलाने त्याला वाचून दाखवलेला असतो.

मग कलंक कमी होतो तरी कशाने? ‘मानसिक आजार म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा बिघाड, मधुमेहासारखाच’ हा संदेश जगभर वापरला गेला. आपल्याकडेही तो प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतो. अमेरिकेत तो लोकांना पटलासुद्धा. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत आजाराचं जैविक कारण मानणारे आणि डॉक्टरी उपचारांना पाठिंबा देणारे वाढले. दूर ठेवण्याची इच्छा मात्र तसूभर कमी झाली नाही. दोष माणसाचा नाही हे पटतं, पण त्यासोबत ‘मेंदूच बिघडलाय, तर हा कधीच सुधारणार नाही’ हेही पटतं. स्थळ बघणाऱ्या घरात तर ‘मेंदूचा आजार’ या शब्दांचा अर्थ ‘पुढच्या पिढीतही येणार’ असा घेतला जातो. डॉक्टरांना दिलासादायक वाटणारं वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात उलटं वाजतं.

यापेक्षा जास्त चालतं ते माणूस भेटणं. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये १४ देशांतल्या ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रौढांच्या बाबतीत आजारातून गेलेल्या व्यक्तीशी समोरासमोर भेट ही माहिती देण्यापेक्षा प्रभावी ठरली. किशोरवयीन मुलांवर मात्र शिकवण्याचा परिणाम अधिक दिसला. इंग्लंडमध्ये २००७ ते २०२१ या काळात चाललेल्या ‘टाइम टू चेंज’ मोहिमेने हेच तत्त्व धरलं होतं. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२२मध्ये कलंकाबाबतचा जगभरचा पुरावा तपासून प्रत्यक्ष संपर्कालाच सर्वांत भक्कम उपाय ठरवलं. पण भेट बरोबरीची हवी. मनोरुग्णालयात खाऊवाटप करून फोटो काढणाऱ्या मंडळाच्या सदस्यांचा पूर्वग्रह कमी होत नाही. घट्टच होत असावा. आजार असलेला माणूस शिकवताना, हिशेब लिहिताना, दुकान चालवताना दिसला की मत हलतं.

मराठीत या वाटेने फार आधी एक माणूस निघाला होता. मूळचे धुळ्याचे, कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी. घरात स्किझोफ्रेनिया आलेला, तो त्यांनी लपवला नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिच्या स्वमदत गटांत शुभार्थी (म्हणजे आजार असलेली माणसं) आणि कुटुंबीय एकत्र बसून बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) याच धडपडीशी जोडलेला. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शेष शेवटी ठणठणीत बरा होत नाही, हे त्या चित्रपटाचं मोठेपण. बहिणीचा संसार त्याच्या आजाराने कसा ताणला जातो, तेही दिग्दर्शकांनी झाकलं नाही. याच जोडीच्या ‘कासव’ने नैराश्याचा विषय घेतला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तरी वेडसर पात्र म्हणजे हशा, हे समीकरण आपल्या पडद्यावरून गेलेलं नाही.

खेड्यात माणूस भेटण्याचं काम कार्यकर्ते करतात. शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत असलेल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन ताणाबद्दल, झोपेबद्दल, दारूबद्दल बोलायचं, प्राथमिक समुपदेशन करायचं आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. कलंकाविरुद्ध घोषणा न देता हे घडलं. ‘तुम्हाला मानसिक आजार आहे’ असं सांगत कुणी दारात आलं नाही. झोप लागते का, एवढंच विचारलं. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने प्रशिक्षित सामान्य माणसांकडून समुपदेशन करून घेण्याचे जे प्रयोग केले, त्यांचंही बळ या साधेपणात आहे.

आजार म्हणजे बाहेरची बाधा, करणी, असं मानून भगताकडे किंवा दर्ग्यात नेणाऱ्यांचा प्रश्न जुना आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ जणांचा मृत्यू झाला. पळता येत नव्हतं म्हणून ते मेले. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, डांबून ठेवणं हा गुन्हा ठरवला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचं हे मोठं यश आहे. पण देवस्थानाकडे जाणाऱ्या कुटुंबाला नुसतं अडाणी म्हणून चालत नाही. तिथे कुणी ‘वेडा’ म्हणत नाही, घरची माणसं सोबत राहतात आणि दोष बाहेरच्या शक्तीचा असतो, रुग्णाचा नव्हे. गुजरातेतल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ शेजारी-शेजारी ठेवणारा उपक्रम याच जाणिवेतून आला : मुजावरांनीच भाविकांना दर्ग्याच्या आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. मला तो शिव्या देण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आता वैद्यकीय व्यवस्थेकडे, कारण कलंक तयार होण्याची ती एक मोठी जागा आहे. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. त्यांतल्या दोन गावांची नावं विनोदात शिवीसारखी वापरली जातात, यात सगळं आलं. माणसाला आजार झाला की घरापासून तोडून भिंतीआड ठेवायचं, ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. २०१९मध्ये देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा वर्षाहून अधिक काळ आत राहिलेले ४,९३५ लोक मोजले गेले. एकूण दाखल असलेल्यांपैकी ते ३६ टक्के होते. यातले अनेक जण बरे आहेत. त्यांना न्यायला कुणी येत नाही, पत्ता चुकीचा दिलेला असतो, जमिनीच्या वाटणीत नाव नको असतं. मुंबई उच्च न्यायालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे महाराष्ट्रातल्या अशा लोकांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि झोपलेल्या यंत्रणेला हलावं लागलं. चेन्नईच्या ‘द बॅन्यन’ या संस्थेने २०१५पासून ‘होम अगेन’ या उपक्रमात अशा चार-पाच जणांना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहण्याची सोय करून दिली. बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी भांडणसुद्धा. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था रस्त्यावर सापडलेल्यांवर उपचार करून त्यांना गावी पोचवते. वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचलेल्या माणसाला गाव पाहतं आणि ‘वेडा झालेला परत येतो’ हे गावाला पहिल्यांदा कळतं.

पुण्याच्या ‘बापू ट्रस्ट’च्या भार्गवी दावर यांनी यापुढचा, टोचणारा प्रश्न विचारला होता : ज्यांच्यासाठी ही व्यवस्था आहे, त्यांना तिच्याबद्दल काय वाटतं हे कुणी ऐकतं का? त्यांचे सगळे निष्कर्ष मला मान्य नाहीत. गंभीर आजारात औषधं टाळण्याची किंमत मोठी असते. पण डॉक्टर रुग्णाशी न बोलता सोबत आलेल्या भावाशी बोलतात, छातीत दुखतंय म्हणणाऱ्या रुग्णाची ‘मानसिक’ फाईल बघून ईसीजी काढत नाहीत, हे भेदभावाचे प्रकार पांढऱ्या कोटातूनच होतात. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुलांना बऱ्या झालेल्या माणसांकडून एक तास शिकवून घेतला, तर अनेक परिपत्रकांचं काम होईल.

कायद्याच्या आघाडीवर मात्र गेल्या दशकात खरंच काही हललं. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८पासून लागू झाला. साखळ्यांनी बांधणं, भूल न देता शॉक देणं यांना त्याने बंदी केली. शारीरिक आणि मानसिक आजारांना समान वागणूक हा हक्क ठरला. विमा कंपन्यांना मानसिक आजारही धरावे लागतील असं बजावलं गेलं. तरी कंपन्या टाळाटाळ करत राहिल्या आणि २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका विमाधारक महिलेच्या बाजूने निकाल द्यावा लागला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, हे याच कायद्याने सांगितलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम गेलं. नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१चा रवींदर कुमार धारीवाल खटल्यातला निकाल महत्त्वाचा आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई त्याच्या मानसिक अपंगत्वाशी जोडलेली होती, तेव्हा ती भेदभाव ठरते, असं न्यायालयाने म्हटलं. २०१६च्या दिव्यांग कायद्याने सरकारी नोकऱ्यांत एक टक्का जागा मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता वगैरे मिळून ठेवल्या आहेत. पण त्या मिळवायला प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्र काढणं म्हणजे जाहीर करणं. उद्या लग्न ठरवायचंय, या भीतीने पालक ते काढतच नाहीत. हक्क कागदावर आहे. तो वापरण्याची किंमत समाजाने अवास्तव ठेवली आहे.

वृत्तपत्रांबद्दल थोडक्यात. खुनाच्या बातमीत ‘मनोरुग्णाचा हैदोस’ असं शीर्षक निदान होण्याआधीच छापलं जातं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त, हे संशोधन वारंवार सांगतं. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २४ रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायला मनाई करतं. उपसंपादकांच्या टेबलावर हे कलम चिकटवून ठेवायला हवं.

आता पुढे काय? जागृती सप्ताह आणखी वाढवून फारसं साधणार नाही, असं माझं मत. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३०प्रमाणे कलंक कमी करण्याचे कार्यक्रम आखणं आणि त्यांना पैसा देणं ही सरकारची जबाबदारी आहे. तो पैसा फलकांऐवजी गावातल्या मानधनावरच्या कार्यकर्त्यांवर, बरे झालेल्यांना नोकरी देणाऱ्या उद्योगांवर आणि वस्तीतल्या घरांवर खर्च व्हावा. आणि खासदारांना एक मागणी जायला हवी. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये एकेकाळी अपस्माराचा झटका ही अडचण मानली होती. ती १९९९मध्ये काढून टाकली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. २०१९मध्ये संसदेने तेही काढलं. दोन्ही वेळी कारण एकच होतं : आजारावर उपचार आहेत आणि नुसत्या निदानावरून कुणाचा संसार मोडू नये. स्किझोफ्रेनियालाही आज हे लागू पडतं. सोबत राहणं खरोखर अशक्य झालं तर परस्परसंमती आणि क्रूरता ही कारणं कायद्यात आहेतच. आजाराचं नाव कलमात ठेवायची गरज नाही; ते वगळावं.